पुठ्ठ्यात बांधलेलं कर्ज

२ मार्च, सकाळ
घरमालकाचं पत्र आलं. महिनाअखेर जागा खाली करा, मुलाला हवी आहे. एकवीस वर्षांचं भाडेकरूपण एका पानात संपवलं, तेही समास न सोडता. छापखान्यात असं पान आलं असतं तर मी परत पाठवलं असतं.
संकल्प: घाबरायचं नाही.
दोन तांबे पाणी प्यायलो.

संध्याकाळ
चिरंजीव म्हणतात, आता भाड्याचं नकोच, विकतच घेऊ. सूनबाईने एक घर आधीच पाहून ठेवलंय. तिसरा मजला, लिफ्ट आहे. चिरंजीव स्वतः लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे त्यांचा लिफ्टवर विश्वास नाही. माझाही नाही. विकणारा पंचवीस तारखेपर्यंत थांबणार, नंतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. म्हणजे तोवर कर्ज पास व्हायला हवं.
घरात एकही माणूस मला विचारत नाही की बाबा, तुमचं काय मत? मत तयार आहे. विचारा तर खरं.

४ मार्च
कर्ज मिळवून देणाऱ्या बाई आल्या होत्या. या रोजनिशीत त्यांना कर्जबाई म्हणेन. वय माझ्या कात्रीपेक्षा कमी. त्या म्हणे बँकाबँकांत फिरून कोणती बँक आपल्याला बरी ते शोधतात, फॉर्म भरतात, साहेबाशी बोलतात. मी विचारलं, तुमची फी? म्हणाल्या, तुमच्याकडून काही नाही काका, बँक देते.
इथेच पाणी मुरतंय. फुकट काम करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो मी. तेही मालकाने ओव्हरटाइम बुडवला म्हणून.
फॉर्ममध्ये एक रकाना होता, अवलंबून असलेल्या व्यक्ती. सूनबाई म्हणाली, दोन. आई आणि बाबा. मी कर्जबाईंना सांगितलं की मला सहअर्जदार करा, म्हणजे कर्जही माझं आणि घरही माझं. त्यांनी हळूच वय विचारलं. मी म्हणालो, चौसष्ट. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, एकाहत्तर. कर्जबाई म्हणाल्या, काका, वीस वर्षांचं कर्ज आहे, या वयाला बँक नाव घालत नाही. ही परत आतून म्हणाली की वीस वर्षं राहू द्या, यांना वीस मिनिटं एका जागी बसवत नाही.
जाताना मला म्हणाल्या, काका, कागदांच्या दोन-दोन प्रती काढून नीट लावून ठेवाल का?
नीट! चाळीस वर्षं बाइंडर होतो मी. नीट म्हणजे काय ते आता कळेल त्यांना.

५ मार्च
बागेतल्या बाकावर माझा मित्र कंडक्टर भेटला. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी अजून उभ्यानेच बोलतो. म्हणाला, पहिल्या दुकानात कधी खरेदी करू नये, सहा दुकानं फिरावीत. ही बाई तुम्हाला एकाच बँकेकडे नेणार आणि आपलं कमिशन खिशात घालणार. पटलं.
मी सातवीपर्यंत शिकलो हे खरं. पण कायद्याच्या पुस्तकांचे चाळीसच्या चाळीस खंड या हातांनी शिवलेत. नववा तर दोनदा शिवला, पहिल्यांदा उलटा शिवला गेला म्हणून. कायदा माझ्या डोक्यात नसेल, हातात आहे.
संकल्प: सहा बँका. कोणती तरी म्हणेलच की काका, या, तुम्हीच सहअर्जदार. कर्जबाईंना न कळवता.
ता. क. ही रोजनिशी मी छापखान्यातल्या उरलेल्या मलईरंगी सुट्या पानांवर लिहितो. वर्षअखेर बांधीन. वाचणार कोणी नाही, पण बांधलेली असावी.

७ मार्च, दुपार
वाईट बातमी. सूनबाई टेप घेऊन माझ्या बाइंडिंगच्या टेबलाची मापं घेत होती. मला पाहिलं आणि म्हणाली, धूळ पुसत होते बाबा. टेपने?
नव्या घराचा नकाशा पाहिला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि कोपऱ्यात एक लहानसा चौकोन, ज्यात काहीच लिहिलेलं नाही. एक खोली त्यांची. एक बसायची. हिशेब कळायला सातवी पुरते. टेबल भंगारात जाणार. टेबलामागून कोण जाणार ते लिहीत नाही.

८ मार्च
सहा बँकांचे फॉर्म आणले. सहीचा प्रश्न होता. चिरंजीव सकाळी एका हाताने खातात आणि दुसऱ्या हातात मोबाइल असतो. मी मोबाइल काढून पेन दिलं. सही, सही, सही. मध्येच विचारलं, एवढ्या कशाला? मी म्हणालो, कर्जबाईंनी सांगितलंय. हे खोटं नाही. त्यांना सुचलं असतं तर त्यांनी सांगितलंच असतं.

१० मार्च
सहा संच पूर्ण. काय काम झालंय! दोऱ्याची शिवण, पाठीला सरस, जाड पुठ्ठा, लाल कापडी कणा. कापून कडा अशा गुळगुळीत केल्या की बोट घसरावं. कापताना एक-दोन शिक्क्यांचे कान गेले, पण शिक्का ओळखू येतो. प्रत्येक संचाला पुढे-मागे एकेक कोरं पान लावलं, माझ्याच गठ्ठ्यातलं. कोऱ्या पानाशिवाय पुस्तक म्हणजे टोपीशिवाय कंडक्टर.
हिने विचारलं, हे काय? मी म्हणालो, जुनी मासिकं. ही म्हणाली, जुनी मासिकं रद्दीत जातात, तुमच्यासारखी नटत नाहीत.

११ मार्च
एका दिवसात सहा बँका. गुडघ्याने चौथीलाच राजीनामा दिला. तीन ठिकाणी खुर्ची मिळाली. एका ठिकाणी काउंटरवरचे चष्मेवाले साहेब संच हातात घेऊन म्हणाले, वा, असं काम आता कुठे पाहायला मिळतं! सहअर्जदाराचं विचारल्यावर सगळे एकच म्हणाले, मुलाचा अर्ज घेतो, तुमचं बघू. बघू म्हणजे हो.
संकल्प: मंजुरी आली की एकदम सांगायचं. तोवर तोंडाला कुलूप.

१३ मार्च
चिरंजीवांच्या मोबाइलवर सहा मेसेज. अर्जाबद्दल धन्यवाद, अर्जाबद्दल धन्यवाद. ते चक्रावले. म्हणाले, अर्ज तर एकाच बँकेत आहे, त्या सगळ्या सह्याही त्यासाठीच होत्या, कोणीतरी आपले कागद वापरतंय. मी म्हणालो, तरी मी सांगत होतो, त्या बाईवर लक्ष ठेवा. माझा आवाज जरा मोठा लागला. ही माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, अहो, तुम्ही सकाळपासून पाणी किती प्यालात?
चिरंजीव लगेच कर्जबाईंना फोन लावायला निघाले. मी म्हणालो, घाई कशाला. त्यांनी लावलाच.

१४ मार्च
रोजनिशीची पानं लावत होतो. ३, ६ आणि ९ तारखेची मिळत नाहीत. खिडकीतून उडाली असतील. जाऊ दे. नाहीतरी वाचणारं कोण आहे?

१६ मार्च
आजचं लवकर उरकतो.
कर्जबाई आल्या. समजावून सांगितलं की बँकेकडे अर्ज गेला की बँक त्या माणसाची सगळी कर्जाची पत्रिका उघडून बघते, आणि बघितल्याची खूण मागे राहते. एका दिवसात सहा खुणा म्हणजे गल्लीतल्या सहा दारांवर जाऊन उसने मागण्यासारखं. बँकांना वाटतं, माणूस बुडतोय. चिरंजीवांचा स्कोअर घसरलाय.
मी म्हणालो, असलं कोण करेल?
त्यांनी पिशवीतून लाल कण्याचा संच काढून टेबलावर ठेवला.
झालं असं की माझ्या सहांपैकी एक बँक नेमकी त्यांचीच निघाली. तिथे मंजुरी दोन दिवसांवर आली होती. आता साहेबाने फाइल अडवली आहे. सहा अर्ज का केले याचं लेखी कारण हवं. पंचवीस तारीख काही हलत नाही.
कर्जबाई एवढंच म्हणाल्या की काका, बांधणी मात्र सुंदर आहे. म्हणाल्या, साहेबांना कागद स्कॅन करायचे होते, तर दोरा तुटता तुटेना. संच फक्त दाखवायला आणलाय, परत नेला की साहेब सुरी लावणार आहेत.
चिरंजीव ओरडले असते तर बरं झालं असतं. चहा तसाच ठेवून कामाला गेले.

१८ मार्च
सूनबाई चहा देते. बाबा म्हणत नाही. कप ठेवते.
लेखी कारण लिहायला बसलो. पहिला खर्डा: सदर इसमाने बँकांची परीक्षा घेण्यासाठी. फाडला. दुसरा: छापखान्याच्या परंपरेनुसार. फाडला. चौथ्यात कंडक्टरचं नाव घातलं, मग वाटलं बिचाऱ्याने फक्त सहा म्हटलं होतं, एका दिवसात म्हटलं नव्हतं. फाडला.
ही म्हणाली, खरं लिहा, पान वाचेल.
खरं काय ते एका पानात मावणार नाही.

१९ मार्च
संकल्प: दिवसाला दोनच वाक्यं बोलायची. पहिलं सकाळी वापरून टाकलं, दार कोणी उघडं ठेवलं म्हणून. मीच ठेवलं होतं.

२० मार्च
घरमालक मोजपट्टी घेऊन आला. आमच्या भिंतींवर मुलाची कपाटं कुठे लागतील ते बघत होता, आम्ही खुर्च्यांवर बसलेले असताना. ही म्हणाली, आमचीही मापं घ्या, कुठे मावतो का बघा. तो हसला. आम्ही हसलो नाही.

२२ मार्च, सकाळी ११
कर्जबाईंचा फोन. कर्ज पास!
मी लेखी कारण दिलंच नव्हतं. म्हणजे साहेब बांधणी पाहूनच विरघळला. सुरी घेऊन बसला तरी शेवटी कलेपुढे झुकला. बाकावर जाऊन कंडक्टरला सांगितलं की फाइल अडली होती, माझ्या कामाने सुटली. तो पहिल्यांदाच बसून बोलला.
संकल्प: कोणाला टोमणा मारायचा नाही. मोठेपणाने घ्यायचं.

२४ मार्च
लिहू नये असं वाटतं. लिहितो.
कर्जबाई मंजुरीचं पत्र घेऊन आल्या. सगळे जमलो. मी मोठेपणाने म्हणालो, शेवटी बांधणी कामी आली. कर्जबाई म्हणाल्या, हो काका, आलीच. साहेबांनी शिवण कापली, तेव्हा शेवटचं कोरं पान उलटून पडलं. ते कोरं नव्हतं. लेखी कारण त्यावरच होतं, तुमच्याच हातचं, अर्जाच्या आधीच्या तारखेचं. साहेबांनी दोनदा वाचलं, मला वाचायला दिलं, आणि फाइलवर सही केली.
मलईरंगी पान. नऊ तारीख. मी हात पुढे केला, पण सूनबाईने आधी घेतलं आणि मोठ्याने वाचलं. परत आलंय म्हणून इथे उतरवतो:

"उद्या संच बांधणार, परवा सहा बँका फिरणार. मुलाला सांगितलेलं नाही, त्याचा काही दोष नाही. तो काही बुडालेला नाही, मीच घाबरलोय. घरात दोन खोल्या, माणसं चार. मला कुठे ठेवणार ते कोणी सांगत नाही आणि मी विचारत नाही, कारण उत्तर मिळेल. कागदावर सहअर्जदार म्हणून नाव असलं तर कोणी हलवणार नाही. घर कोणाचं असो, नाव असलं पाहिजे. टेबल गेलं तर मी काय करणार? दोरा ओवायला अजून चष्मा लागत नाही."

खाली बँकेचा निळा शिक्का: पडताळले.

 मग सूनबाईने नकाशा आणला. कोपऱ्यातल्या कोऱ्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, बाबा, ही खोली तुमची आणि आईंची. खिडकीपाशी तुमचं टेबल. मापं त्यासाठीच घेत होते, सांगितलं असतं तर तुम्ही उद्याच टेबल घेऊन तिथे जाऊन बसला असता. फक्त ते चार बोटं मोठं आहे बाबा. कापावं लागेल. चिरंजीव आठ दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले. म्हणाले, बाबांना कडा कापायची सवय आहेच.
बाबा म्हणाली सूनबाई. दोनदा. मोजलं.
डोळ्यात काहीतरी गेलं. सरस असेल.

मी सगळं विसरून बसलो होतो, तेवढ्यात हिने विचारलं, अहो, पुढे-मागे एकेक म्हणजे सहा संचांना बारा कोरी पानं. सगळी कोरीच होती ना?
कर्जबाई म्हणाल्या, बाकी पाच बँकांतले संच आता परत आणायला हवेत, अर्ज मागे घेतलेत. मी म्हणालो, मी जातो, लगेच. ही म्हणाली, तुमचा गुडघा. मी जाते, तेवढंच फिरणं होईल.
३ आणि ६ तारीख. तीनमध्ये हिच्या सकाळच्या गाण्याबद्दल लिहिलंय. सविस्तर. सहामध्ये, डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून बिस्किटांचा डबा मी कुठे लपवतो ते. खुणेसाठी बाण काढून.
ही उद्या सकाळी नऊला निघणार. वाचायचा चष्मा आत्ताच पर्समध्ये टाकला.
डबा तरी हलवावा म्हणून टेबलाखाली वाकलो, तर सूनबाई टेप घेऊन तिथेच बसली आहे. म्हणते, बाबा, खालचा कप्पा किती खोल आहे, एकदा बघून घेते.