तिसऱ्या घंटीच्या आत

३ जून, मंगळवार

दाराशी पुन्हा एल्वीने सतरंज्या टाकल्या! ना बेल, ना हाक. गठ्ठा ठेवून बाई वरच्या मजल्यावर, आपल्या घरी पसार. माझा पाय अडकला असता तर कंबरच मोडली असती — आणि मग हीच वाडगाभर सूप घेऊन कळवळत आली असती. माझा उंबरा म्हणजे काय हिचं गोदाम आहे?

शिवाय या सतरंज्या तिच्या नाहीतच. तिच्याकडे दोन आहेत, दोन्ही करड्या, मला पाठ आहेत. ही निळी-पिवळी कुणाची? काहीतरी शिजतंय.

सायमी कामावरून आली. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत असते माझी नात. पगार एवढासा, यंत्रांचा आवाज एवढा मोठा. आली की बोलत नाही. वाफेच्या सौनात जाऊन बसते, तो न तापवता, अंधारात. आज बाहेर आली, गठ्ठा खांद्यावर टाकला आणि समुद्राच्या धक्क्यावर घासायला गेली; लोकांच्या सतरंज्या पैसे घेऊन धुऊन देते ती. परतली तेव्हा हातांना पाइनच्या साबणाचा वास येत होता. दोनदा वाढून घेतलं.

८ जून

लेकीचा ओउलूहून फोन. मला उठायला उशीर झाला, तिसरी घंटी वाजली. दोन घंट्या सायमी सोसते. तिसरीला कान दाबून घराबाहेर पडते, मग संध्याकाळपर्यंत हाती लागत नाही. म्हणून तर सतरंज्यांचे सगळे फोन मी घेते. माझाच नंबर दिलाय लोकांना. दिवस सांगायचा आणि ठेवून द्यायचा. गोड बोलणं माझ्याच्याने होत नाही, पण लोक येतात.

लेकीचं म्हणणं, ऑटिझम असलेल्या मुलीला पक्की नोकरी मिळाली हेच खूप, आई, तू तिला भलत्या नादाला लावू नकोस. मुलगी म्हणे! एकतीस वर्षांची बाई आहे. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं ते आत्ता, दोन वर्षांपूर्वी. तिचा आजोबा अगदी असाच. त्याला डॉक्टर भेटला नाही, जंगल भेटलं. एकटा लाकूड तोडायचा, कुणाची तक्रार नव्हती.

११ जून

लॉन्ड्रीचा मुकादम रौतिओ घरी आला. गोड पाव घेऊन! सहा वर्षांत ज्याने सायमीला साधा नमस्कार-चमत्कार केला नाही, तो माझ्या टेबलाशी बसून पडद्यांचं कौतुक करतो. मी कॉफी दिली, साखर दिली नाही.

त्याचा प्रस्ताव असा: सायमीने नोकरी सोडायची आणि स्वतःचा धंदा काढायचा. काम तेच, लॉन्ड्रीतच. फक्त पगाराऐवजी तिने त्यांना बिल द्यायचं. "तू तुझी मालकीण होशील, सायमी. मीटिंगांना बसायला नको."

मीटिंगा तिला नको असतात हे हेरून आलेला. लबाड!

सायमी पावाकडे बघत म्हणाली, "यंत्र तेच?"

"तेच."

"आवाजही तोच?"

तो हसला. तिला हसण्यासारखं काही दिसलं नाही. आजारी पडले तर, म्हणून तिने विचारलं. तर म्हणे मालकीण तू, तूच ठरव. म्हणजे झोपून राहा आणि उपाशी मर.

मला वाटलं, आता ही त्याला दार दाखवेल. तर म्हणाली, "विचार करते."

१२ जून

पावात वेलदोडा नव्हता. घरी केलेल्यात असतोच. विकतचा!

१५ जून

बटाटे सोलताना सायमी आपणहून बोलली. हे क्वचितच होतं, म्हणून मी सुरी खाली ठेवली नाही. मान वर केली की ती थांबते.

लॉन्ड्रीत पैसा थोडा, पण ठरल्या दिवशी येतो. आवाज डोक्यात घरापर्यंत येतो, आणखी वर्षभर सोसेल असं तिला वाटत नाही. सतरंज्यांत आवाज नाही. पाणी, ब्रश, पिळायचा चरक. पण पैसा कधी येईल ते सांगता येत नाही. मी विचारलं, समुद्र गोठल्यावर काय? तळघरातली धुण्याची खोली तिने हिवाळ्यासाठी आधीच मागून ठेवलीय. मला न सांगता!

"मग अडलंय कुठे?"

"एका गोष्टीवर. तिचा अजून पत्ता लागला नाही."

"कसल्या गोष्टीवर?"

बटाटे संपले. ती उठून गेली.

रौतिओने हिला आणखी काय काय भरवलंय देव जाणे.

१८ जून

फोन वाजत नाही. आठवडा झाला. आधी वाटलं बिघडला. लेकीला करून पाहिला, ठणठणीत आहे. आणि सतरंज्या तर येतच आहेत, पूर्वीपेक्षा जास्त! कुणाला विचारून येतात?

संध्याकाळी एल्वी जिन्यात फोनवर बोलत होती. मला पाहिलं आणि आवाज खाली गेला. नव्या नवऱ्याशी बोलावं तसं. पंचाहत्तरीची बाई!

आता कळलं. माझ्या नातीचं गिऱ्हाईक पळवते आहे. गठ्ठे स्वतः घ्यायचे, धुवायला हिला लावायचं, वरची मलई आपली. आणि सायमीला फसवलं तर ती भांडणारही नाही. उद्या धक्क्यावर जाते.

१९ जून

गेले. काठी घेऊन गेले. युहान्नुसच्या सणाच्या आधीचा दिवस, सगळं गाव सतरंज्या घासायला लोटलेलं. सायमी गुडघ्यापर्यंत फेसात. शेजारी बाकावर महाराणी एल्वी, मांडीवर फोन. तो वाजला आणि तिने झडप घातली. "हो, सायमीच्या सतरंज्या. मंगळवारी आणा."

मी म्हटलं, "एल्वी, हे किती दिवस चाललंय?"

एल्वी लाल झाली. "हिल्का, मी तुला सांगू म्हणत होते..."

सायमीने घासणं थांबवलं नाही. "मी सांगितलं तिला फोन घ्यायला. लोकांना नंबर तिचा दिला. तू नसताना चालतं का, ते बघतेय."

"मी आहे की!"

"म्हणूनच. तू गेल्यावर बघायचं म्हटलं तर उशीर होईल."

तिने सतरंजी उलटून दुसरी बाजू घासायला घेतली. मग सायमी म्हणाली, "चालतं."

मी तशीच घरी आले.

२० जून, युहान्नुसची संध्याकाळ

सायमीने लॉन्ड्री सोडली. रौतिओला 'नाही' म्हणून सांगून आली आणि सौना तापवायला घेतला.

एल्वी, तू माझी वही वाचणारच, माझ्यामागे आधी कपाटच उघडशील. म्हणून लिहून ठेवते. मी आहे तोवर फोन मीच घेणार, नंबर परत माझा लावायचा. मी गेले की तू घ्यायचा. मला पुरलं त्या दिवशी वाजला तरी घ्यायचा. दुसऱ्या घंटीला. तिसरी वाजू द्यायची नाही.