पुढच्या तारखांची पत्रं

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
रविवार, २२ मार्च १९८७

प्रिय शैलाताई,

तुला आणि भावोजींना वाकून नमस्कार. तो तरी नाकारू नकोस.

इकडचा बर्फ वितळला. केतकी गणितात बरी आहे, मराठीत आनंदच आहे. आपण मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा संसार चाललाय. त्र्यंबकची नोकरी ठीक. पाडवा आठ दिवसांवर आला आणि कडुलिंबाचा पत्ता नाही. येवल्यात ऊन तापायला लागलं असेल.

तुझं दोन ओळींचं पत्र तीस जानेवारीला मिळालं. ‘ह्यांचा उजवा हात गेलाय आणि तू पतंगाच्या गप्पा मारतेस. यापुढे पत्र पाठवू नकोस.’ मला ते पाठ झालंय.

पोस्टाचा घोळ झाला, तुझं डिसेंबरचं पत्र उशिरा आलं, असं लिहायला मी तीनदा बसले. तू विश्वासही ठेवला असतास. पण ते पत्र वेळेवर आलं होतं, ताई. त्र्यंबकनं ते फ्रिजवर ठेवलं. ‘ताईंचं वाचलंस का?’ त्यानं दोनदा विचारलं. ‘वाचलं, सगळे मजेत आहेत,’ मी पांघरुणातूनच म्हणाले. मी ते फोडलंसुद्धा नव्हतं.

आता जरा बसून वाच. ऑक्टोबर संपता संपता इथे घड्याळं तासभर मागे करतात. मग साडेचारला अंधार पडतो आणि माझं काहीतरी बिघडतं. नुसती झोप येते. उठले की ब्रेड आणि साखर खात सुटते. वेणी घालायची म्हटलं तरी डोंगर वाटतो. केतकी शाळेतून येते तेव्हा मी सकाळच्याच गाऊनमध्ये असते. एकदा दारात दप्तर टाकून तिनं विचारलं, ‘मॉम, आर यू सॅड ऑर जस्ट स्लीपी?’ मी म्हटलं, सर्दी झालीय. तीन महिने सर्दी!

तुला काय सांगणार होते? तू पहाटे उठून बंबाला जाळ घालणारी. सुख बोचतंय हिला, असंच म्हणाली असतीस. मीही स्वतःला तेच म्हणत होते.

पहिल्या हिवाळ्यात मी तीन महिने लिहिलं नाही तेव्हा तू तार केली होतीस, आठवतं? तेव्हापासून मी एक शक्कल काढली. सप्टेंबरात, मी शहाणी असते तेव्हा, चार रविवार बसून नोव्हेंबर ते मार्चची पाचही पत्रं लिहून ठेवायची. वर पुढच्या तारखा घालायच्या. संक्रांतीला तिळगूळ, थंडीला मफलर, भावोजींच्या नावानं एक तरी चेष्टा. त्र्यंबकनं दर एक तारखेला एकेक पेटीत टाकायचं. पाच हिवाळे तू अशी पत्रं वाचलीस. मी मात्र गादीवर पडून होते.

जानेवारीचंही असंच गेलं. ‘भावोजी आसारीवर मांजा गुंडाळून गच्चीवर चढले असतील. म्हणावं, या वयात पोरांचे पतंग काटू नका.’ हे लिहिलं तेव्हा त्यांचा हात धडधाकट होता, ताई.

तुझ्या दोन ओळी आल्या तेव्हा मला काही उमगेना. मग फ्रिजवरचं पाकीट काढलं आणि उभ्याउभ्याच वाचलं. पक्षाघात, नाशिकचं हॉस्पिटल, आणि शेवटी ‘मिनू, मी फार घाबरले आहे, ताबडतोब लिही.’ त्याला उत्तर म्हणून माझा पतंग आला होता! मला माझीच लाज वाटली. तार करणार होते, पण तारेत काय घालू? त्यात सात आठवडे गेले.

त्या दिवशी मी त्र्यंबकला सगळं सांगितलं. तो मला डॉक्टरकडे घेऊन गेला. हा आळस नाही, वेडही नाही, उजेड कमी पडला की काहींना असं होतं, गेल्या काही वर्षांतच कळायला लागलंय, असं ते म्हणाले. आता त्र्यंबकनं लाकडी खोक्यात सहा ट्यूबलाइट बसवल्यात. रोज पहाटे दोन तास मी त्यापुढे बसते, फोटो काढायला बसवल्यासारखी. परवा आमटीला फोडणी दिली आणि हिंगाचा वास आला. तो नोव्हेंबरपासून आलाच नव्हता. गुण दिव्याचा की मार्चचा, ते डॉक्टरांनाही सांगता येईना.

फेब्रुवारी आणि मार्चची पत्रं राहिली होती, ती सोबत ठेवलीत. फाडणार होते. पण तूच बघ, किती गोड आणि किती खोटी आहेत. मग चुलीत घाल.

भावोजींची बोटं हलतात का? त्यांना भरवतं कोण? तू झोपतेस का? हे मी डिसेंबरात विचारायला हवं होतं. माफी मागते, ताई. रागावून लिही, पण लिही.

यंदा सप्टेंबरात मी एकही पत्र लिहून ठेवणार नाही. हिवाळ्यात जमेल तेवढं त्याच दिवशी लिहीन. एखाद्या महिन्यात नुसता पत्ता घातलेला कोरा कागद आला, तर समज, मिनू पडून आहे पण तुझं पत्र तिनं फोडलंय.

आजच्याच तारखेला लिहिणारी,
तुझी मिनू