तिसऱ्या मजल्याचं मागचं दार

प्रिय ढब्ब्या,

साहेब म्हणणारे तुला दिवसभर पुष्कळ भेटतात, माझ्या कागदावर तू ढब्ब्याच राहणार. पत्र बघून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. माझा गुडघा आहे तसाच आहे, तुझी आई आहे तशीच आहे, म्हणजे दोघंही कुरकुरतायत. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू गोड बोलतोस आणि नको तो विषय निघाला की आजी, आवाज तुटतोय म्हणून ठेवून देतोस. कागदाचा आवाज तुटत नाही. चौथीत शाळा सुटली माझी, अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, तेव्हा सावकाश वाच.

मी कामाला जाते हे तुला ठाऊक आहे. कुठे जाते, हे सात वर्षांत एकदाही विचारलं नाहीस. शिलाईच्या कारखान्यात, एवढ्यावर तुझं भागलं. मग मीच सांगते. मोठ्या रस्त्याच्या टोकाला निळ्या फाटकाची इमारत आहे ना, तिच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीकडून दुसरं टेबल. शिवून आलेल्या शर्टांचे लोंबते धागे कापायचे, घडी घालायची, गठ्ठा बांधायचा. हे काम करून करून नजर वाईट झालीय माझी. कुठलीही गोष्ट सरळ दिसली की उलटी करून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. निळं फाटक वाचून काही आठवलं असेल तर जरा नीट बस आणि पुढे वाच.

आमच्या मजल्यावर जिने दोन. पुढचा इतका अरुंद की दोघी समोरासमोर आल्या तर एकीला अंग चोरावं लागतं, आणि आमच्यात अंग चोरण्यासारख्या फार थोड्या आहेत. दुसरा मागचा. त्याच्याकडे जायची हिरवी पाटी भिंतीवर लावलीय, पळणाऱ्या माणसाची. तो बिचारा चार वर्षं पळतोय आणि अजून पोचलेला नाही, कारण मध्ये प्लायवूड ठोकून बटणांची आणि खोक्यांची खोली केलीय. त्या खोलीच्या पार शेवटी दार आणि दाराला बाहेरून कुलूप. माल चोरीला जातो म्हणे. किल्ली सुपरवायझरच्या कमरेला, आणि सुपरवायझर सदानकदा खाली फाटकापाशी सिगरेट ओढत.

दोन महिन्यांपूर्वी आग लागल्यावर बाहेर पडायचा सराव झाला. तो किती वाजता होणार हे सकाळीच सांगून ठेवलं होतं. घंटा झाली तर एकही बाई जागची उठेना. आधी प्रत्येकीने हातातल्या शर्टाची घडी घातली, कारण टेबलावर पसारा सोडला की बोलणी बसतात. उद्या खरी आग लागली तरी आम्ही घडी घालूनच जळणार. मग रांगेने पुढच्या जिन्याने खाली. फाटकापाशी सुपरवायझरने घड्याळात बघत अठ्ठावन्न लिहिले. मी गठ्ठे मोजणारी बाई, मला सत्तावन्न दिसल्या. काजाच्या मशीनवर एक नवी आलीय, काजवालीच म्हणतो आम्ही तिला, चांगली शिकलेली आहे, तीच नव्हती. वर जाऊन बघते तर खोक्यांच्या पलीकडे अडकून दारावर मुठी मारत होती, बोटांची सालं निघालेली. सुपरवायझर म्हणाला, बाई, सगळ्या इकडून उतरल्या, तुम्ही भलतीकडे कशाला कडमडलात? ती म्हणाली, भिंतीवर दाखवलंय तिकडे गेले. तो म्हणाला, भिंतीवर तर थुंकू नका असंही लिहिलंय, ते कोण ऐकतं? सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले, खोटं कशाला सांगू. काजवाली तेवढी हसली नाही.

चार दिवसांनी खालच्या फळ्यावर कागद लागला. सराव पूर्ण, अठ्ठावन्न बाहेर, दोन्ही मार्ग मोकळे, पाट्या योग्य. खाली तपासणाऱ्याची सही आणि नाव. चष्मा पुसून तीनदा वाचलं. तुझी ही नोकरी लागली तेव्हा तू मला समजावलं होतंस, आजी, आग लागली तर माणसं बाहेर पडतील की नाही हे आधीच जाऊन बघायचं माझं काम. मी तेव्हा म्हटलं, चांगलं काम आहे, फुकट खुर्ची गरम करण्यातलं नाही.

पहिला संशय मी तुझ्यावर घेतला नाही. सुपरवायझर लबाड आहे, त्यानेच तुझी सही गिरवली असेल असं धरून चालले. पण संशय हा दातात अडकलेल्या तुसासारखा असतो, जीभ सारखी तिथेच जाते. म्हणून त्या रविवारी तू जेवायला आलास तेव्हा सहज म्हटलं, अरे, त्या निळ्या फाटकाच्या कारखान्यात माझी एक ओळखीची आहे, तिथला मागचा जिना कसला आहे रे? तू घास न थांबवता म्हणालास, सिमेंटचा, चांगला रुंद आहे. तुझी आई म्हणाली, काय लक्षात राहतं याच्या. जिना लोखंडी आहे, ढब्ब्या. बाहेरून लावलेला, गंजलेला, आणि खालच्या चार पायऱ्या कधीच्या गळून पडल्यात. मी तुला आणखी वाढलं.

तरी मन म्हणालं, विसरला असेल, दहा कारखाने बघतो. मग मागच्या मंगळवारी सकाळपासून झाडलोट सुरू झाली, पुढच्या जिन्यातली खोकी छतावर गेली, आम्हाला नवे हातमोजे मिळाले. म्हणजे तुम्ही येणार. मी चिंध्या टाकायच्या निमित्ताने त्या खोलीत गेले, खोक्यांमधून आडवी सरकत दारापर्यंत पोचले, आणि लेबलं चिकटवायच्या गोंदाने दारापासून चौकटीपर्यंत एक पांढरा धागा लावला. दार बोटभर हललं तरी तुटेल असा. अकरा वाजता खिडकीतून तुझी गाडी दिसली. मान तुझी, चाल तुझी, काखेत ती तपकिरी फाइल. फाटकाजवळच्या खोलीत गेलास. चहा आत गेलेला मी बघितला, रिकामे कप बाहेर आलेले बघितले. पंचवीस मिनिटांनी तू गाडीवर बसलास. वर कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी कागद लागला, तिसऱ्या मजल्याचं मागचं दार प्रत्यक्ष उघडून पाहिले, सहज उघडते. मी पुन्हा आडवी सरकले. धागा जसाच्या तसा, वर थोडी धूळ बसलेली.

तेव्हापासून तुझ्याविषयी काय काय मनात आणलं ते सगळं लिहीत नाही, तू माझ्या मुलाचा मुलगा आहेस. कुणी काही दिलं का, कुणी दम भरला का, बायकांच्या कारखान्याला कोण विचारतो असं वाटलं का. तुझ्या आईला आडून विचारलं, हा हल्ली काही लपवतो का. ती म्हणाली, सासूबाई, तुम्ही देवावरही संशय घ्याल. घेईन, त्याने कारण दिलं तर. पण फिरून फिरून मला एकच आठवतं. लहानपणी झोपायच्या आधी कडी लावायचं काम तुझं होतं. मी आतून हाक मारायची, कडी लावलीस का रे? आणि तू पांघरुणातूनच म्हणायचास, लावली, दोनदा ओढून बघितली. मी उठून बघायची तर दार सताड उघडं. दोनदा ओढून बघितली, हे वर कशाला जोडायचास कोण जाणे. मी कधी मारलं नाही, मुकाट्याने कडी लावून यायचे. चूक माझीही आहे. तुझ्यामागे दरवेळी कोणीतरी उठत राहिलं.

आता लिहायचं कारण. काजवालीने अर्ज लिहिलाय, तुझ्याही वरच्या कचेरीत द्यायला. एकतीस जणींनी सह्या केल्यात, पहिली माझी आहे. तू माझा नातू हे इथे कुणाला ठाऊक नाही. आधी मिरवायला नको म्हणून सांगितलं नाही, आता लाज वाटते म्हणून सांगत नाही. तेव्हा तू गुरुवारी ये. कारखान्याला न कळवता ये, फाटकाजवळच्या खोलीत टेकू नकोस, सरळ वर चढ, आणि मला ओळख दाखवू नकोस. सगळ्यांसमोर ते दार उघडायला लाव, आणि आधीच्या दोन्ही कागदांवर दार न बघता सही केलीस हे तुझ्या हाताने लिहून दे. नोकरी टिकेल की जाईल, मला सांगता येत नाही. गेली तर घरी ये, दोन वेळचं जेवण आहे. पण तसं केलंस तर अर्जात लिहू की तपासणाऱ्याने स्वतः येऊन कबूल केलं. नाही आलास तर शुक्रवारी अर्ज आहे तसा जाईल. त्यात तपासणाऱ्याच्या नावाची जागा मी कोरी ठेवायला लावलीय, म्हटलं ते मी भरते. काजवाली म्हणाली, आजी, लांबलचक नाव आहे, तुम्हाला अवघड जाईल. नाही जाणार. ते नाव मीच ठेवलंय.

तुझीच, पण अठ्ठावन्नांतली एक,
आजी