तुमच्या सीडीवरचा अर्ज

सर, माझं पान गेलं. इंटरनेटवरचं, ज्याच्यावर दहा वर्षं मी आईचं बोलणं साठवत होते. कुही गावाकडच्या धानाच्या जुन्या जाती, लाखोळीच्या डाळीच्या वड्या, तिच्या लग्नातले रुसवेफुगवे, सगळं तिच्याच तोंडून. आई वारली, आणि मोबाइल भरला म्हणून मूळ रेकॉर्डिंग मी पुसून टाकली, पानावर आहेतच की, अशा विचारानं. मग एका सकाळी कंपनीनं पानच बंद केलं. म्हणे नियम मोडला. कुठला, ते सांगितलं नाही. किती विनंत्या पाठवल्या, दर वेळी मशीनचं तेच उत्तर आलं. आता आईचा आवाज माझ्याकडे नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण असं होईल हे तुम्ही मला सांगून ठेवलं होतं आणि मी तुम्हाला हसले होते.

इतवारीतला तो कॉम्प्युटर क्लास, खाली भांड्यांचं दुकान, दिवसभर ठणठणाट. मी कोराडीच्या कॉलनीतून बसनं येते, जिना चढते, तर तुम्ही जुन्या बनियननं कीबोर्ड पुसत बसलेले. भंगारातून आणून तुम्हीच दुरुस्त केलेले सहा कॉम्प्युटर, आणि सगळ्यांवर ते फुकटचं सॉफ्टवेअर. जग ज्याच्यावर काम करतं ते काहून शिकवत नाही, असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हे कोन्या एका कंपनीचं नाही वं. उद्या कंपनीनं दार लावलं तरी तुही फाईल खुलते." मला हसू आलं. माझ्या फाईलसाठी कोण दार लावणार होतं?

मग धरमपेठेतल्या एका ऑफिसात मुलाखत झाली. त्यांनी जगाच्या सॉफ्टवेअरवर एक तक्ता करायला सांगितला आणि मी बटणंच शोधत राहिले. साहेब म्हणाले, राहू द्या. माझा राग खोटा नव्हता, सर. आजही नाही. तुम्हाला वीस वर्षं पुढचं दिसत होतं, पण मला नोकरी त्या महिन्यात हवी होती, आणि ते तुम्ही कधी मनावर घेतलं नाही.

क्लासच्या मालकांना तुमच्याविरुद्ध अर्ज लिहायचं मीच ठरवलं. टाइप तुमच्याच कॉम्प्युटरवर केला, दुसरा होता कुठे? तुम्ही मागे येऊन उभे राहिलात. सगळा वाचलात. मग वाकून तुम्ही समास सरळ केलात. "विषय वर लिहा लागते वं, अर्जात," एवढंच बोललात, आणि स्वतः प्रिंट काढून माझ्या हातात दिलीत. एक थोबाडीत दिली असती तर मी आज मोकळी असते. आठ दिवसांत तुम्हाला काढलं. जाताना प्रत्येकाला एक सीडी दिलीत, वर आमची नावं, तुमच्या तिरक्या अक्षरात. मी ती पेटीच्या तळाशी टाकली. पुढे ते जगाचं सॉफ्टवेअर मी दोन आठवड्यांत शिकले. नोकरीही लागली. काही वर्षांनी पेपरात तुमच्या निधनाची चार ओळींची बातमी दिसली, आणि मी पान उलटलं.

यंदा लॅपटॉपचीही पाळी आली. मशीन जुनं झालं, नवीन घ्या, असं त्या जगाच्या सॉफ्टवेअरवाल्या कंपनीचं म्हणणं. चिडून मी तुमचं ते फुकटचंच टाकलं. तीन रविवार गेले, पहिल्या रविवारी तर वायफायच लागेना. मग लोकांशी बोलायची एक नवी जागा सापडली. तिला एक मालक नाही. लोकांनी आपापले चालवलेले शेकडो छोटे सर्व्हर, कुठल्याही एकावर राहा, बाकीच्यांशी बोलता येतं. आत शिरतानाच विचारतात, कुठे राहणार? मी तासभर नुसती बसून राहिले. एक लहानसा सर्व्हर निवडला आणि एक बावळट प्रश्न विचारला. चालवणाऱ्या माणसानं स्वतः उत्तर लिहिलं, वर सांगितलं की सगळ्याची एक प्रत घरी ठेवा, आमच्यावरही विसंबू नका. मला रडू फुटलं. दहा वर्षं कुठे होता हा माणूस? आणि मग आठवलं की होता, इतवारीत, त्याला मीच घालवलं.

आईच्या आवाजाची एखादी प्रत कुठे राहिली असेल म्हणून परवा घर उपसलं. प्रत नाही, तुमची सीडी मिळाली. माझ्या नावाचा फोल्डर होता. त्यात सरावाचे तक्ते आणि तो अर्ज. चटकन उघडला. अक्षर न् अक्षर जागेवर, समास सरळ, विषय वर. आईचं सगळं गेलं आणि हे तेवढं राहिलं. तुम्ही तो मुद्दाम ठेवलात की अख्खा फोल्डर उचलून टाकलात, हे मला आता कधीच कळणार नाही, आणि त्यासाठी मी तुमच्यावर चिडले आहे.

हे पत्र त्याच सॉफ्टवेअरमध्ये लिहिते आहे. अर्जाच्या शेजारी ठेवीन, पाठवायला पत्ता नाही. अर्जात 'आम्ही सर्व विद्यार्थी' असं लिहिलंय. सर, सर्व नव्हते. तुमच्याविरुद्ध लिहायला तिघं तयारच होईनात. त्यांच्या सह्या बसमध्ये, वेगवेगळ्या पेनांनी, मीच केल्या होत्या.