आबा, दुखस का?

आबा,

हे पत्र साक्रीला पाठवणार नाही. तुमच्यासारख्या जित्या माणसाची हाक मुडद्याला मारली म्हणून आजी घर डोक्यावर घेईल.

धुळ्याला कॉलेज सुरू झालं. काल शवविच्छेदनाच्या टेबलावर देहदान केलेले एक म्हातारे होते. हात अगदी तुमच्यासारखे, राठ. ब्लेड टेकवलं आणि तोंडातून निघूनच गेलं, "आबा, दुखस का?"

नागपूरचा वेदांग खो खो हसला. सगळेच हसले. मी तडक होस्टेलवर जाऊन बॅग भरली. डॉक्टरकी गेली उडत!

आज विसरलेला ॲप्रन आणायला गेले, तर वेदांग टेबलाशी एकटाच उभा. ब्लेड उचलायच्या आधी तो वाकून हळूच म्हणाला, "आबा, दुकस का?"

बॅग रिकामी केलीय. त्याला आधी नीट अहिराणी शिकवते.

तुमची नात,
मयुरी