मांडी रिकामी ठेवून मुरगूडला

प्रिय आई,

आज तुझ्या नातीला दवाखान्यातून मुरगूडला घरी आणलं. आता दुपारची ती झोपली आहे, आणि जिला हे सगळं सांगायचं तीच घरात नाही! मग सांगू कुणाला? म्हणून लिहायला बसले.

तुझ्या जागी मावशी आली होती, नवी साडी नेसून. गाडीत मागे माझ्याशेजारी बसल्या बसल्या तिने हात पुढे केले. "आण हिकडं." मी नाही म्हणाले. मधे आम्ही बाळाची सीट पाठमोरी घट्ट बसवली होती. तिच्यात बाळाला ठेवून पट्टे लावले.

"एवढंसं लेकरू बांधून न्हेतीस व्हय?" मावशीचा आवाज चढला. "तुझी आई असती तर तिलाबी दिलं नसतंस?"

आई, तुलाही दिलं नसतं. पण हे मला बोलवेना. तू रुसली असतीस ना? अगं, रुसायला तरी थांबायचं होतंस!

कागलच्या पुढे उसाच्या ट्रॉलीमागून एक मोटारसायकल आडवी आली. तुझ्या जावयाने, संदीपने, करकचून ब्रेक दाबला. मावशीच्या मांडीवरचा डिंकाच्या लाडवांचा डबा उडून पुढे आदळला, गाडीभर लाडू! आणि तुझी नात? तिची झोपसुद्धा मोडली नाही.

मावशी आपल्या हातांकडेच बघत राहिली. "घट्ट धरलावता की गं मी डबा," एवढंच म्हणाली.

घरी आलो तर पाळण्यात तुझी गोधडी. मी पोटुशी असताना शिवायला घेतलेलीस ती. तू गेलीस तेव्हा एक कड राहिली होती, ती मावशीने पुरी केली. किती मऊ केलीस गं! पण तान्ह्या बाळापाशी मऊ, सैल काही ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कसं सांगू मावशीला? दिवसात दुसऱ्यांदा?

मी उशी तेवढी काढली आणि गोधडीवर हात ठेवून थांबले. मावशीने माझ्याकडे बघितलं. "तोंडावर आली तर गुदमरंल, व्हय न्हवं?" तिने स्वतःच गोधडी उचलली, छातीशी धरली, आणि बाळाला सपाट गादीवर उताणं निजवलं. मग आम्ही दोघी तुझ्यासाठी पोटभर रडलो.

गोधडी कपाटात पडून राहणार नाही, आई. बाळ जागं असलं की अंगणाकडच्या खोलीत ती अंथरेन, त्याला वर पालथं घालेन आणि जवळून हलणार नाही. तुझ्या नातीने ती पहिल्यांदा ओली केली की तुला लगेच कळवते!

तुझीच,
वैशाली