पाच शनिवार, एक वन्स मोअर

१ मे, गुरुवार
कंपनीला सुट्टी. कपाट आवरताना स्वरूपाला संगीत नाटक महोत्सवाचे दोन पास सापडले. आईने जानेवारीतच काढून ठेवलेले. मे महिन्याचे पाचही शनिवार, संध्याकाळी साडेपाच, चिंचवड, सहावी रांग, खुर्ची अकरा आणि बारा. दर उन्हाळ्यात सासू-सून जायच्या आणि मी घरी निवांत क्रिकेट बघायचो. आई फेब्रुवारीत गेली. म्हणजे अकरा नंबर आता माझ्या गळ्यात.

मला त्यातलं काही कळत नाही. माणूस मरायला टेकला तरी आधी गातो. पण स्वरूपाने आईचं फार मनाला लावून घेतलंय, तिला एकटीला पाठवणं बरं नाही. मी स्वतः ठीक आहे. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर होतो.

स्वरूपाची एक अट. आई आवडलेल्या पदाला खणखणीत वन्स मोअर द्यायची आणि गाणारा ते पद पुन्हा म्हणायचा. तर आईच्या खुर्चीतून या वर्षी एक तरी वन्स मोअर गेला पाहिजे. तूच का देत नाहीस, असं विचारलं. म्हणाली, "माझ्याच्यानं आवाज निघणार नाही. तुम्ही द्या."

किरकोळ काम. पहिल्याच शनिवारी उरकतो. पुढच्या चार शनिवारी शिफ्ट आहे म्हणून सांगेन.

४ मे, रविवार
काल दिला नाही. पहिलं पद इतकं अचानक संपलं की तयारीला वेळच मिळाला नाही. दुसऱ्याला शेजारच्या उद्धवरावांनी आधीच दिला. हे दहा नंबरवाले, निवृत्त पोस्टमास्तर. आईची आणि त्यांची दर वर्षी चढाओढ असायची म्हणे. प्रत्येक पद संपलं की ते माझ्याकडे बघत होते. असं बघत बसल्यावर कोणाला जमेल?

आईची शाल नेली होती. एसीसाठी.

गाडी मात्र गेटच्या अगदी जवळ लावली. बाकीचे रांगेत अडकले, आम्ही दोन मिनिटांत बाहेर. थोडं डोकं वापरलं की होतं.

८ मे, गुरुवार
सराव हवा. आवाज मुळात दमदार आहे, वापरत नाही एवढंच. निघोज्याच्या आमच्या प्लँटमध्ये प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनच्या शेडमध्ये, जेवणाच्या सुट्टीत कोणी नसतं. तिथे तीन वेळा दिला. तिसऱ्या वेळी मशीनमागून नवनाथ निघाला. तिथला ऑपरेटर, गाव निघोजेच. म्हणाला, "साहेब, कुनाला हाका मारताय?" मी म्हटलं, मशीनचा आवाज तपासतोय. तो म्हणाला, मशीन तर बंद हाय की.

११ मे, रविवार
काल डोळे मिटून एकाग्र झालो होतो. स्वरूपाच्या मते घोरत होतो. उद्धवराव म्हणाले, पण तालात होतं.

फर्स्ट शिफ्ट केल्यावर दुसरं काय होणार. पुढच्या शनिवारी नक्की.

१८ मे, रविवार
काल पूर्ण जागा. नायिकेचं पद संपलं, श्वास घेतला, तोंड उघडलं आणि ठसका लागला. चौथ्या रांगेतून पाण्याची बाटली आली. उद्धवरावांनी पाठ चोळली.

आईच्या नाटकाच्या पिशवीत काही मिळतंय का पाहिलं. कागदात गुंडाळलेली आल्याची वडी होती, मागच्या वर्षीची. ठसक्याला चालली असती. खाल्ली नाही, पुन्हा कागदात बांधून ठेवली. इतकी जुनी वस्तू खाऊ नये.

२५ मे, रविवार
दिला. नोंद असावी: काल सहा वाजून दहा मिनिटांनी दिला. स्वरूपा म्हणते तिलाही ऐकू आला नाही, फक्त ओठ हलले. उद्धवरावांनी विचारलं, काही म्हणालात का?

 परत येताना घराजवळ आल्यावर स्वरूपा म्हणाली, पुढच्या वर्षी पास काढायचे नाहीत. आईंशिवाय तिला तिथं बसवत नाही. या वर्षी आली ती केवळ त्या एका वन्स मोअरसाठी.

म्हणजे एकच शनिवार राहिला. हरकत नाही. मी प्रेशरखाली चांगलं काम करतो, अप्रायझलमध्ये लिहिलेलं आहे.

१ जून, रविवार
प्लॅन पक्का होता. मधल्या पदांच्या भानगडीत पडायचं नाही, थेट शेवटची भैरवी. उद्धवरावांना आधीच सांगितलं होतं, भैरवीला तुम्ही गप्प बसायचं. त्यांनी मान डोलावली.

भैरवी सुरू झाली. तांदूळ निवडताना आई गुणगुणायची तेच पद. ते नाटकातलं आहे हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, आईनेच काहीतरी जुळवलंय. एसीचा झोत थेट डोळ्यांवर येत होता, त्यामुळे डोळे मिटावे लागले. पद संपलं. टाळ्या संपल्या. बहुतेक पडदाही पडला. उद्धवराव शब्दाला जागून गप्प.

मी उठलो, पोटातून जोर लावला आणि दिला. प्रेस शॉपपेक्षा मोठा.

हॉल एकदम शांत. डोळे उघडले तर स्टेजवर व्यवस्थापक माईक घेऊन उभे. त्यांची काहीतरी घोषणा नुकतीच संपली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा नीट केला आणि शांतपणे पुन्हा वाचलं: "एम एच चौदा, पांढरी गाडी. गेट अडलंय. मालकांनी कृपया लगेच काढावी." नंबर आमचाच होता.

सगळा हॉल हसला. बाल्कनीतून आणखी एक वन्स मोअर आला. उद्धवराव उभे राहून टाळ्या वाजवत होते. स्वरूपा पदर तोंडावर धरून हसत होती. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच. म्हणाली, "आई असत्या तर त्यांनीही दिला असता."

गाडीत बसल्यावर ती रडली. मी गाडी चालवत होतो, त्यामुळे माझा प्रश्नच नव्हता. फक्त डांगे चौकात सिग्नल हिरवा झालाय हे मागच्यांनी बराच वेळ हॉर्न वाजवून सांगितलं.

काम पूर्ण. वेळेत थोडा फरक पडला.

७ जून, शनिवार, संध्याकाळी ५
मोकळा शनिवार. महिनाभर याचीच वाट पाहत होतो. चहा घेतला. टीव्हीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

इस्त्रीचा शर्ट घालून, शाल घेऊन निघालो. स्वरूपाने विचारलं, कुठे? शाल झटकायला बाल्कनीत, असं सांगितलं.

म्हणाली, मग गाडीची किल्ली कशाला?